जुन्या गावावरून उड्डाण

किल्लारीच्या अलीकडच्या त्या गावात जमिनीतून धमका ऐकू आला की माणसं आधी अंगणात येतात आणि मग विचार करतात. घरातली वडीलधारी बाई मोठ्यानं एकेकाचं नाव घेते, ज्याचं नाव त्यानं 'हाय', म्हणजे 'आहे', म्हणायचं. भूकंपानंतर वसवलेल्या या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

सत्यशीलाही याच रिवाजात वाढली, पण हल्ली तिचं डोकं भडकलं होतं. लातूरच्या एका शेडमध्ये मल्लेशच्या जोडीनं तिनं बिनपायलटचं छोटं जेट विमान बनवलं होतं. आवाजापेक्षा वेगानं जायचं, हा एकच ध्यास. पण दरेक चाचणीला धमका होई, गाव घराबाहेर पळे आणि खापर तिच्या माथ्यावर फुटे. आवाजाचा वेग ओलांडल्याशिवाय विमानाचा धमका होत नाही आणि ते अजून त्या वेगाजवळ पोचलेलंच नाही, हे सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडली होती.

"आज आखरी बारी. त्यो धमका तुझाच निघाला तर सामान गुंडाळायचं," सरपंच श्रीमंतआबांनी बजावलं.

"वेगाच्या आधी झाला तर त्यो माझा न्हाई. समद्यांच्या डोळ्यांम्होरं दावते, आबा."

म्हणून भर सकाळी गाव माळावर येऊन घराघरानं बसलं होतं. तिला वाढवणारी गुणाआत्या पुढंच होती. ओढ्यापलीकडे जुन्या गावाचे ढिगारे आणि बाभळी. इकडची शेळीसुद्धा ओढा ओलांडत नसे.

विमान झेपावलं. रिमोटची कळ सत्यशीलाच्या हातात होती, मल्लेश पडद्यावरचा वेग वाचत होता.

"अजून निम्माबी न्हाई, अक्का."

तेवढ्यात धमका झाला. तळपायांना तो आधी कळला, कानांना नंतर.

"बघा, आबा! बघा की पडद्यावर!" ती ओरडली. तिचं खरं ठरलं होतं. पण पडद्याकडे बघतंय कोण? सवयीनं सगळ्या माळावर नावं सुरू झाली होती.

मग ती एकेक करून थांबली.

नावं ओढ्यापलीकडूनही येत होती. म्हातारीचा सावकाश आवाज. एक नाव, जरासा थांबा, आणि बारीकसं 'हाय'. पुन्हा एक नाव. बायकांनी तोंडाला पदर लावले. आबांनी टोपी काढून हातात घेतली. भूकंपात गेलेली ती माणसं त्यांच्या ओळखीची होती.

"सत्यशीलाऽ"

तिचा जन्म भूकंपानंतरचा. त्या ढिगाऱ्यांत हे नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"ओ देऊ नगंस, बाई," आत्यानं तिचा दंड धरला.

सत्यशीला भ्यायली, आणि भ्यायल्याचाच तिला संताप आला. जन्मभर या गावानं कानोसा घेत झोपायचं, आणि तिनंही? आयुष्याची कमाई असलेलं विमान एका हाकेपायी खाली उतरवायचं?

"हाय!" ती कडाडली. "हितं हाय मी! अन् इमान उडणार!"

तिनं कळ पुढं रेटली. उंच गेलेल्या विमानानं जुन्या गावावर सूर मारला. पडद्यावरचा आकडा चढला, अडखळला, पार झाला. कोरडा, कडक धमका आभाळातून आला. हा तिचा होता.

"गेलं! आत्या, आवाजाच्या पुढं गेलं!" तिला हसू आवरेना.

गुणाआत्या तिच्याकडे वळली नाही. तिनं नावं घ्यायला घेतली होती. "शिवकुमार."

"हाय."

"रत्नम्मा."

"हाय."

"सत्यशीला."

"हाय की, आत्या."

आत्या थांबून राहिली. "सत्यशीला?"

"हाय! ही काय, तुझ्या म्होरं!"

आत्यानं तिसऱ्यांदा हाक मारली ती ओढ्याकडे तोंड करून. तिचा हात अजून दंड धरल्यासारखा अधांतरी होता.

"आत्ता तर हितं होती," मल्लेश म्हणाला.

आत्यानं हंबरडा फोडला. सत्यशीलानं तिला गदागदा हलवलं. आत्याचा पदरही हलला नाही.

विमान वळण घेऊन माळावरून सरळ रेषेत आलं. श्रीमंतआबा मान वर करून बघत राहिले.

"मल्लेश," ते हळू आवाजात म्हणाले, "मंग हे कोण उडवायलंय?"

सत्यशीलानं दातओठ खाल्ले आणि कळ पुन्हा पुढं रेटली.