अडीच सेकंदांची पोरगी

या, बसा ऐसपैस. चंद्रावरच्या एका पोरीची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर मधेच उठून जा, अडवणार नाही.

पोरीचं नाव मैना. तिची आई निलांबरी चांद्रवस्तीची डॉक्टर, दिवसभर दवाखान्यात. म्हणून मैनेला वाढवलं आजीनं, तेही पृथ्वीवर, कागलात बसून, भेटपडद्यावरून. गोष्टी, गाणी, रागावणं, सगळं त्या पडद्यावर.

पुढं पृथ्वीवरून आणखी बिऱ्हाडं आली. त्यांची पोरं मैनेला काही विचारायची आणि ही नुसती बघत राहायची. "मुकी मैना!" म्हणत ती पळायची. हिचं तोंड उघडायचं ते पोरं पळून गेल्यावर.

निलांबरीनं लेकीचे कान तपासले, मेंदू तपासला. सगळं ठणठणीत. शेवटी तिनं संदेशयंत्रं बघणाऱ्या हणमंताला गाठलं.

"डॉक्टरीणबाई, पोर बिघडलेली नाही," तो म्हणाला. "इथला शब्द कागलला जाऊन उत्तर परत यायला अडीच सेकंद लागतात. उजेडापेक्षा जोरात काही धावत नाही. हिला वाटतं, बोलण्यात एवढी फट असतेच."

"मग ती बुजवू कशी? समजावून थकले मी."

"समजावून नाही व्हायचं. पोरांना एकत्र वाजवायला बसवा. उशीर झाला की कानालाच कळतं. आणि कधी वाजवायचं ते दुसऱ्याकडं बघितल्याशिवाय उमगत नाही."

हवेच्या टाक्यांच्या जुन्या कड्यांवर पातळ पापुद्रा ताणून त्यानं हलग्या केल्या. एकानं सवाल वाजवायचा, दुसऱ्यानं जवाब. मैनेचा जवाब यायचा तो तिसऱ्याच्या सवालावर आदळायचा.

"कालची थाप आज आली रे!" रायबा नावाचा दांडगा पोरगा ओरडला.

मैनाही हसली, पण हातातलं हलगीचं टिपरू सोडलं नाही. हळूहळू ती रायबाचा खांदा हलताना बघून थाप टाकायला शिकली. मग शब्दही तसेच पडायला लागले. एक दिवस तर ती रायबाशी कडाकडा भांडली. दारामागं निलांबरीला आनंदानं रडू फुटलं.

पण त्याच दिवशी भेटपडद्यावर घोटाळा झाला. मैना विचारायची आणि थांबायचीच नाही. आजीचं उत्तर यायचं ते हिच्या पुढच्या बोलण्यावर.

"माझा कंटाळा आला का गं बाळे?" आजी म्हणाली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

निलांबरीच्या मनात आलं, लेकीला सवंगडी मिळाले आणि आजी तुटली!

मैना उठली आणि हलगी घेऊन आली. "आजी, माझ्या थापेवर टाळी दे."

टाळी आली, पण भलत्याच जागी. मैनेनं लय कमी केली. आणखी कमी केली. एक थाप, मग मोकळी जागा, मग थाप. आणि आजीची टाळी बरोबर थापेवर पडली!

"आरं तिच्या!" पडदा तपासायला आलेला हणमंत उडालाच. "टाळी मागच्या थापेची आहे, पण पडतेय ह्या थापेवर. सगळा उशीर पोरीनं तालात बसवला!"

मग बोलणंही त्यातच सुरू झालं. एका थापेला नातीचा शब्द, पुढच्या थापेला आजीचा.

आता त्या दोघींचं वाजवणं लावतो. मधे सगळं शांत झालं तर टाळ्या वाजवू नका हं. तिथं आजीचा आवाज वाटेत असतो.