मुका एडिटर

वाचनालयाच्या अभ्यासिकेत एकच प्लग मोकळा होता आणि त्यावर दोन हात एकदम पडले. तिने चिडून वर पाहिलं. डोळे छान होते मेल्याचे!

"तुम्ही घ्या," तो म्हणाला आणि निर्लज्जपणे तिच्या लॅपटॉपमध्ये डोकावला. "कोड लिहायचा एडिटर बनवताय? मीसुद्धा! कुठल्या भाषेत?"

"जावास्क्रिप्ट."

चहात मीठ पडल्यासारखं त्याचं तोंड झालं. "छे! रस्ट घ्या. प्रत्येक अक्षर आपण स्वतः पडद्यावर रेखाटू. वाऱ्यासारखा पळेल!"

तिला वारा नको होता. दृष्टी गेल्यावर दादाची कोड लिहिण्याची नोकरी सुटली होती. पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजाशी जमेल असा एडिटर मिळाला, तर तो पुन्हा कामाला लागणार होता. दोघं मिळून एडिटर बनवू लागले, तेव्हा हे तिने त्याला कितीदा तरी सांगितलं. "होईल गं ते," म्हणत तो केस मागे सारायचा आणि... ती विरघळायची. तिथेच सगळा घोटाळा झाला. एडिटर रस्टमध्ये झाला.

दादाने हेडफोन लावला. दोन-चार कळा दाबून पाहिल्या.

"सुरू झाला का गं?" त्याने विचारलं.

सुरू कधीच झाला होता! पण हाताने रेखाटलेली ती अक्षरं त्या आवाजाच्या लेखी नुसतं चित्र होती. दादाचा पडलेला चेहरा तिला बघवेना.

"तुझा वारा घे आणि चालू पड," तिने त्याला दार दाखवलं.

आठवडाभराने तो पुन्हा दारात उभा. दाढी वाढलेली, डोळे खाली.

"पडदा बंद ठेवून, नुसतं ऐकत काम केलं. रडकुंडीला आलो. मग सगळं नव्याने लिहिलं... जावास्क्रिप्टमध्ये. त्यातली अक्षरं तो आवाज वाचतो."

दादाची बोटं कीबोर्डवर धावू लागली. कितीतरी महिन्यांनी तो स्वतःशीच हसला. तिचा राग विरघळायला लागला, म्हणून ती आणखीच चिडली.

"आधी ऐकलं असतंस तर?"

"तू बोलायला लागलीस की मी तुझ्याकडे बघत बसायचो... ऐकणार कधी?"

"मूर्ख!"

"प्रेम आहे माझं तुझ्यावर. जावास्क्रिप्टवर नाही, आणि कधी बसणारही नाही."

तिने कपाळावर हात मारला. "सगळं जग सोडून हाच भेटायचा होता मला!"

दादाने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "मला दिसत नाही, ऐकू चांगलं येतं. हो म्हणून टाक बाई, मला काम करू दे."

"हो!" ती दोघांवरही खेकसली.