मुक्ताचा संगतांक

घर बघायचं तर आधी शाळा बघायची, हे खूळ काही नवं नव्हे. पण पूर्वी लोक इमारत बघत, निकाल बघत. २०७१ साली आईबाप बाकांवर कोण बसलंय ते बघत. शिकणं हे सर्दीसारखं एकाकडून दुसऱ्याला लागतं, हे तोवर सिद्ध झालं होतं आणि ते मोजायची सोयही झाली होती. प्रत्येक मुलाच्या मनगटाला पट्टा असे. कोण कोणाजवळ बसलं आणि त्यानंतर कोणाला काय यायला लागलं, हे तो टिपून घेई. एका मुलाच्या सोबतीनं बाकीचे किती पुढं जातात, तो आकडा म्हणजे त्याचा संगतांक. सरकारी माध्यमिक शाळांचे असे तक्ते जाहीर होत आणि लोक त्यावरून बिऱ्हाडं हलवत.

ऋजुता ढोकणे सरकारी दवाखान्यात नर्स होती. बदलीसाठी तिला तीन गावं दिली होती: उदगीर, मंगळवेढा, चिपळूण. मुलगी मुक्ता यंदा माध्यमिक शाळेत जाणार. तिचा संगतांक बघून तिन्हीकडच्या शाळांनी आपणहून फोन केले, एकीनं तर राहायला क्वार्टर देऊ केलं. नवरा श्रेयस असा हुरळला की त्यानं गल्लीभर पेढे वाटले. मग मुक्ता आली तर वर्ग कसा होईल, याच्या अंदाजाचे शाळांनी धाडलेले तिन्ही तक्ते त्यानं शेजारी शेजारी लावले आणि त्याचा चेहरा उतरला. मुक्ता आली की प्रत्येक वर्ग वर जात होता. मुक्ता स्वतः मात्र तिन्हीकडे खाली.

दोघं संगतांकाच्या अभ्यासक डॉ. मुलाणींकडे गेले.

"मुक्ता विरजण आहे," त्या म्हणाल्या.

श्रेयस भडकला. "आमची पोर लोकांच्या आनंदावर विरजण घालते म्हणता?"

"तसं नाही हो. दह्याचं विरजण. चमचाभर घातलं की पातेलंभर दूध विरजतं."

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. ज्याला कळलं नाही त्याच्याजवळ मुक्ता जाऊन बसते, त्याला कळेपर्यंत थांबते. एकोणचाळीस मुलं पुढं जातात आणि हिचा दिवस संपतो.

"आणि शेवटी तिचं काय होतं?" ऋजुतानं विचारलं.

"दहावीपर्यंत मागं पडते. शाळा दुसरं विरजण शोधते."

उपाय होता. उदगीरच्या शाळेत नेहमीच्या वर्गांखेरीज एक एकांतवर्ग होता, म्हणजे प्रत्येक मुलाला वेगळी काचेची खोली, बोलणं बंद. तिथं मुक्ता झपाट्यानं पुढं गेली असती. पण वापरला नाही तर संगतांक आटतो आणि परत येत नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. आटू दे, लोकांच्या पोरांचा मक्ता आपण घेतलाय का, असं श्रेयस म्हणाला. ऋजुताला ते टोचलं, तरी तिनं उदगीरच लिहून दिलं. तिला नावं ठेवायची माझी तरी छाती नाही. आपलं लेकरू मागं पडलेलं कोणाला बघवतं?

तीन वर्षांत मुक्ता जिल्ह्यात पहिली आली. त्याच सुमारास ऋजुताच्या वॉर्डात नवं यंत्र आलं आणि त्याचे आलेख तिला काही केल्या उमजेनात. एका रविवारी ती लेकीजवळ जाऊन बसली. मला जरा समजावून सांग ना, म्हणाली.

मुक्तानं मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"आई, तू जवळ बसलीस की माझं नुकसान होतं. बाबा बसले तर जास्तच. मी आकडे बघितलेत."

पुढच्या वर्षापासून ती वसतिगृहात राहणार होती. कुठलं, तेही तिनं ठरवून टाकलं होतं. अर्ज भरलेला होता, फक्त पालकांची सही हवी होती.

ऋजुताचे डोळे भरून आले, अक्षरं दिसेनात. मग सही कुठं करायची, तिथं मुक्तानं बोट ठेवून दाखवलं.