मशीनचा दम

दादासोनं मालवणहून कॉम्प्रेसर आणला, तेव्हा कोरेगावच्या बाजारपेठेपासून घरापर्यंत भेटेल तो एकच विचारत होता, "पंक्चरचं दुकान टाकतोयस व्हय रं?" दादासो प्रत्येकासाठी टेम्पो थांबवून समजावत होता. हा टायरचा नव्हे, माणसानं ओढायच्या हवेचा कॉम्प्रेसर. टायरच्या शंभरपट दाबानं हवा लोखंडी बाटलीत ठासायची, बाटली पाठीला बांधायची आणि पाण्याच्या तळाशी खुशाल काम करायचं. लोक शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हंजी पंक्चर न्हाई काढणार?"

दादासो लष्करात पाणबुड्याचं काम शिकला होता. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यानं विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायचा धंदा धरला. काम भरपूर होतं, पण बाटल्या भरायला पुणं गाठावं लागे. तेवढ्यात मालवणला पर्यटकांना समुद्राखालचे मासे दाखवणारा एक जण गाशा गुंडाळतोय असं कळलं. तो माणूस भारी बोलका होता. मशीन का विकतोस, असं विचारल्यावर मात्र स्वतःच पुढं होऊन ते टेम्पोत चढवू लागला.

घरी आल्यावर मशीन त्याच्या बायकोच्या, संयोगितेच्या ताब्यात गेलं. तिनं लग्नानंतर गावात पिठाची गिरणी चालवली होती. पट्टा सैल झाला की आधी तिच्या कानाला कळायचं. तिनं मागच्या शेडमध्ये मशीन बसवलं, तेल बदललं, फिल्टरात नवा कोळसा भरला. हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड इंजिनापासून लांब, पत्र्याच्या वर काढलं. इंजिनाचा धूर बाटलीत गेला, तर खालचा माणूस झोप लागल्यासारखा मरतो, हे दादासोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून मशीन चालू असताना अंगणातली चूल पेटवायला बंदी होती.

"माझ्या चुलीवर पाच पोरं वाढली," सासू शालूबाई म्हणायच्या, "येकालाबी धूर लागला न्हाई."

"आत्याबाई, ती पोरं बाटलीतनं श्वास घेत नव्हती."

एका दुपारी दादासो सोप्यात कॉटवर झोपला होता. त्याचं घोरणं गावात प्रसिद्ध होतं. तीन लांब खेचा, मग एक शिट्टी, मग पाहुण्यांना घाबरवणारी शांतता, आणि मग दचकल्यासारखा मोठा झटका. संयोगिता मागं बाटल्या पुसत होती. तिला वाटलं, आवाज भिंतीतनं येतोय. मग वाटलं, पत्र्यात घुमतोय. शेवटी ती वाकली आणि बंद मशीनला कान लावला.

तीन लांब खेचा. शिट्टी. शांतता. झटका.

तिनं साताऱ्याहून नाथाजी मेस्त्रीला बोलावलं. त्यानं झडपा उघडल्या, पुसल्या, एक बदलली. "काय न्हाई वैनी, आत ऱ्हायलेली हवा हळूहळू सुटतीया," असं म्हणून तो चहाला टेकला. आत दादासोचा डोळा लागला. नाथाजीची बशी तोंडापाशी थांबली.

"आता ह्यो आवाज कुठनं येतोय?"

"दोन्हीकडनं," संयोगिता म्हणाली.

नाथाजी चहा तसाच ठेवून उठला. त्याचा मोठा पाना शेडमध्ये राहिला. दोनदा फोन केला, पण पाना न्यायला काही तो आला नाही.

संयोगिता हिशेबी बाई होती. गिरणीचा पट्टा का तुटला याचा विचार करावा, का तुटला नाही याचा करू नये, असं तिचं मत होतं. मशीन हवा स्वच्छ देत होतं, बाटल्या भरत होतं. मग जरा घोरलं तर घोरलं. शिवाय त्याचा उपयोगही होऊ लागला. एकदा दादासो सांगून गेला की दिवसभर पाण्यात आहे, आणि इकडं मशीन निवांत सूर लावून बसलं. तिनं फोन केला.

"कुठं हायसा?"

"हितंच की, विहिरीत. आत्ताच वर आलो."

"पाण्यात घोरताय व्हय?"

पलीकडनं फोन बंद झाला. दादासोची खात्री झाली की, वर दोर धरणारा चुलतभाऊ सिद्धू बायकोला चुगल्या सांगतो. तो आठवडाभर सिद्धूशी बोलला नाही. शालूबाईंना मात्र मशीन तेव्हापासून आवडायला लागलं. "घरात येक तरी खरं बोलणारं आलं," त्या म्हणाल्या.

पुढं औंधच्या बाजूला एका जुन्या, खोल विहिरीचं काम आलं. सकाळीच दादासो आणि सिद्धू गेले. मशीन बंद होतं, म्हणून शालूबाईंनी अंगणात चूल पेटवून शेंगा भाजायला घेतल्या. संयोगिता शेडमध्ये झाडलोट करत होती. मशीनचा श्वास कामावरच्या माणसाचा होता, एकसारखा. तिचं लक्षही नव्हतं.

मग तो भरभर चालू लागला.

तिनं झाडू खाली ठेवला. श्वास आता ओढून घेतल्यासारखा येत होता, चिखलात रुतलेला पाय काढावा तसा. तिनं सिद्धूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. औंध काही हाकेच्या अंतरावर नव्हतं.

एक लांब खेच आली, आणि मशीन गप्प झालं.

बंद पडलेल्या मशीनपुढं गिरणीवाली बाई एकच गोष्ट करते. संयोगितेनं इंजिनाच्या दोरीला हिसडा दिला. इंजिन फुरफुरलं. दुसऱ्या हिसड्याला धडधडत सुरू झालं.

"अगं, माझी चूल पेटलीया!" शालूबाई अंगणातनं ओरडल्या.

संयोगितेला ऐकू गेलं नाही. ती दाबाच्या काट्याकडं बघत होती. बाटली जोडलेली नव्हती, नळीचा कॉक घट्ट बंद होता. काटा सरसर चढायला हवा होता.

काटा हलत नव्हता.

मशीन हवा ओढत होतं, दाबत होतं, आणि हवा कुठंतरी जात होती.

ती तशीच उभी राहिली. अंगणात शेंगा करपल्या. पेट्रोल संपत आलं, तेव्हा काटा एकदम उसळला. वरची सुरक्षा झडप फुस्सकन उडाली. तिनं इंजिन बंद केलं आणि तिथंच खाली बसली. पाठोपाठ फोन वाजला.

"वैनी," सिद्धू रडत होता, "मोटारीचा पाइप सरकून दादा खाली अडकला व्हता. आत्ता सुटून वर आलाय. बरा हाय. पर बाटलीचा काटा कवाचा शून्यावर हाय."

दादासो घरी आला. पायरीवर बसला, पाणी प्याला. मग आईकडं वळला.

"आई, शेंगा करपवल्यास का गं?"

शालूबाईंच्या हातातला तांब्या कलंडला.

"खाली हवा संपली," दादासो म्हणाला. "मग परत आली. शेंगांचा वास यायला लागला. म्हटलं, आता मेलो न्हाई तर आधी आईला सांगायचं, जाळ कमी कर."

तो हसला. कुणीच हसलं नाही, म्हणून मग तोही थांबला.

असलं मशीन आता घरात नको, म्हणून ते विकायचं ठरलं. पुराच्या वेळी माणसं काढणाऱ्या सांगलीच्या एका पथकाचा प्रमुख, मिलिंद, पिकअप घेऊन आला. भला माणूस. दादासो त्याला अखंड माहिती देत होता. पाणी कुठनं सोडायचं, फिल्टर कवा बदलायचा, पंक्चरवाल्यांना काय उत्तर द्यायचं. शालूबाई उंबऱ्यात बसून खोकत होत्या. मिलिंदच्या माणसांनी मशीनला दोर लावला.

संयोगिता शेवटचं पुसून घ्यायला पुढं झाली, आणि तिला आवाज आला. हलका, एकसारखा.

तिनं दादासोकडं पाहिलं. तो बोलत होता, बोलता बोलता दम घेत होता. मशीन मध्येच अडत नव्हतं.

तिनं शालूबाईंकडं पाहिलं. त्यांना खोकल्याची उबळ आली होती. मशीन खोकत नव्हतं.

संयोगितेनं मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला आणि आपला श्वास रोखला.

मशीन थांबलं.

"धरा रं तिकडनं," मिलिंद माणसांना म्हणाला.

तिनं ओठ घट्ट दाबून धरले. तळव्याखाली पत्रा जरासा थरारला. मशीननं आत हवा ओढली. त्यानंतर तिची छाती आपोआप वर आली.

"उचलू नका," ती म्हणाली. "विकायचं न्हाई."

"आता काय झालं गं?" दादासोनं विचारलं.

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं. पण मशीननं पुढचा श्वास घेईपर्यंत तिला थांबावं लागलं.