चेष्टा

"भइया, दो निमिष देना," असं लखनौचे एक गृहस्थ लल्लन यादवच्या ठेल्यासमोर म्हणाले, आणि त्यांच्या मागे उभा असलेला मफलरवाला तरुण दचकून म्हणाला, "काय?"

काशीत ज्याला मलइयो म्हणतात, त्या थंडीतल्या केशरी दूधफेसाला लखनौकडे निमिष म्हणतात. आणि या तरुणाचं नावच निमिष होतं. त्या दोघांनी एकमेकांकडे असं काही पाहिलं, की शेजारी मातीचा पुरवा हातात धरून उभी असलेली मुक्ता हसली. नको तेवढं हसली. पौषातलं धुकं गल्लीत इतकं दाट होतं, की हसणारी कोण हे बघायला त्याला दोन पावलं पुढे यावं लागलं.

"आपण मराठी आहात?" तिने विचारलं.

"आपण म्हणजे मी एकटा, की तुम्हीही?"

मुक्ता गोंधळली. तिच्या घरात मान द्यायचा असला की समोरच्याला 'आपण' म्हणत. त्यात दोघांना एकत्र बांधणारं काही असतं, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"आमच्याकडे मोठ्या माणसाला आपण म्हणतात," ती म्हणाली.

"मी मोठा दिसतो?"

"मफलरमध्ये दिसता."

त्याने मफलर काढला. वरच्या ओठावर फेसाची बारीक रेघ राहिली होती. तिने स्वतःच्या ओठावर बोट ठेवून खूण केली. तो खूण समजायच्या ऐवजी तिच्या बोटाकडेच पाहत राहिला. मग ती रामनगरला जायला निघाली, कारण ती शिकवायची ती शाळा गंगेपलीकडे होती आणि धुक्यात नाव सुटत नव्हती. पुलावरून जायचं तर तास मोडतो. पण त्या दिवशी शाळेत उशिरा पोहोचूनही तिला उशीर झाल्यासारखं वाटलं नाही.

निमिष वाईचा. दुधाचा फेस इतका वेळ उभा कसा राहतो, हे तपासायला तो एका हिवाळ्यापुरता इथल्या विद्यापीठात आला होता. लल्लनच्या मते त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. "ई ओस क कमाल हौ," असं म्हणून तो आकाशाकडे बोट दाखवी. उकळून गार केलेलं दूध रात्रभर उघड्यावर ठेवायचं, त्यात दव पडतं, पहाटे घुसळलं की फेस उभा राहतो; सूर्य वर आला की बसतो. संपलं शास्त्र. निमिषने मात्र दूध दवात न ठेवता फ्रिजमध्ये ठेवलं, यंत्राने घुसळलं, आणि फेस उभा राहिला. तो फेस डब्यात घेऊन, वाटेत हलू नये म्हणून रिक्षात छातीशी धरून, तो सकाळी लल्लनच्या ठेल्यापाशी आला आणि मुक्तासमोर चमचा धरला.

तिने चाखलं. मग चमचा पुन्हा डब्यात ठेवला.

"उभं आहे," ती म्हणाली, "पण गप्प आहे."

निमिषने हे वाक्य वहीत लिहून घेतलं. ही वही पुढे ओळखीची झाली. पुढच्या पानांवर आकडे असत. मागच्या पानांवर मुक्ताचे शब्द. 'रस्त्यात भीड होती.' 'जल्दी काय आहे?' 'मी कोशिश करते.' तो ते वाचून दाखवी आणि हसे. हसण्यात माया होती, हे तिला कळत होतं. पण एकदा तो म्हणाला, "तू मराठीतून हिंदी बोलतेस, की हिंदीतून मराठी?" त्या वेळी तीही हसली, आणि घरी येऊन मात्र आरशासमोर उभं राहून 'भीड'ला काय म्हणतात ते आठवत बसली.

सात पिढ्यांपूर्वी तिचे पूर्वज कोकणातून काशीला आले, ते परत गेले नाहीत. भाषा त्यांनी बरोबर आणली, घरात ठेवली आणि घराबाहेर कधी नेली नाही. मुक्ता शाळेत हिंदी शिकवत असे. मराठी तिची बोलायची भाषा होती, लिहायची नव्हती. मराठीत तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही लिहिलं असेल, तर ते निमिषला, फोनवर. दोन ओळींच्या निरोपाला तिला अर्धा तास लागे. एकेक शब्द हिंदी तर नाही ना, म्हणून ती उलटापालटा करून बघे, बाजारात वांगी बघावीत तसा.

मग निमिष घरी येऊ लागला. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत दोन खोल्यांत मुक्ता आणि तिचे वडील राहत. रत्नाकरशास्त्री, घरात अण्णा. उभा जन्म न्यायशास्त्र शिकवण्यात गेला. आता डोळे अधू झाले होते, म्हणून शिकवणं थांबलं होतं. मुक्ताची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्या गल्लीतली मराठी घरं एकेक करून पुण्या-दिल्लीला निघून गेली होती. अण्णांशी मराठीत बोलणारं आता एकच माणूस उरलं होतं.

पहिल्या दिवशी मुक्ताने आमटी केली. चिंचेऐवजी आमचूर घातलेली, मोहरीच्या तेलात फोडणी दिलेली. तिला वाटे, आमटी अशीच असते. निमिष पहिला घास घेऊन थांबला.

"ही माझ्या आईची आमटी नाही," तो सावकाश म्हणाला. "पण आमटीच आहे." आणि भात पुन्हा मागून घेतला.

अण्णांना त्याने फेसाची हकीकत सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "दव पडतं तेव्हा फेस उभा राहतो, म्हणून दवाने राहतो असं होत नाही. गारव्याने दव पडतं, गारव्यानेच फेस राहतो. सोबत असणं वेगळं, कारण असणं वेगळं."

निमिषने हात जोडले. "हे कळायला मला दोन महिने आणि एक फ्रिज लागला, अण्णा."

अण्णा हसले. कित्येक दिवसांनी त्यांना घरात बोलायला नवं माणूस मिळालं होतं. तो गेल्यावर ते म्हणाले, "मुलगा नीट विचार करतो." मुक्ताला ते प्रशस्तिपत्र वाटलं. ते तेवढंच होतं, होकार नव्हता, हे तिला नंतर कळलं.

माघात ऊन चढू लागलं. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर एका दुपारी दोघं बसले होते. खाली कुणी धोतर पिळत होतं, पलीकडची वाळू पांढरी चमकत होती. निमिषने सांगितलं की फाल्गुनात त्याला पुण्यात नोकरीवर हजर व्हायचं आहे. मग तो थांबला. वही उघडली, मिटली.

"मुक्ता, तू माझ्याबरोबर येशील? म्हणजे... लग्न करून. आपण दोघं." आणि घाईने म्हणाला, "हे आपण दोघांचं आपण आहे. मानाचं नाही."

तिने पाण्याकडे पाहिलं. घशाशी आलेला होकार तिने गिळला नाही. "येईन," म्हणाली. "पण अण्णांना मी विचारते. आपण काही बोलू नका." आणि जाताना त्याच्या बाहीवर पडलेलं बेलाचं सुकं पान तिने उचललं, ते टाकायला विसरली.

अण्णांना तिने त्याच दिवशी विचारलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसले, मग म्हणाले, "दूध, भाजी सगळं हिंदीत मिळतं, बाळ. औषध मिळतं. पण तू गेलीस तर मी मराठी कुणाशी बोलू?"

तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय काढला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी निमिषचा निरोप आला: 'अण्णांशी बोलणं झालं का? तू खरंच येणार आहेस ना?'

मुक्ता फोन घेऊन खिडकीत बसली. तिने लिहिलं, 'मी कोशिश करते आहे.' लगेच वहीची मागची पानं आठवली. एवढी मोठी गोष्ट, ती तरी त्याच्या मराठीत नीट लिहावी. तिने 'कोशिश' पुसलं आणि घरात लहानपणापासून ऐकलेला, अण्णांच्या तोंडचा, म्हणजे मराठीच असणार असा शब्द घातला. पुन्हा वाचलं. समाधान झालं.

'मी चेष्टा करते आहे. आपण मनाला लावून घेऊ नका.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'कळलं.'

एकच शब्द. तिला तो फार समजूतदार वाटला. कळलं म्हणतो, म्हणजे थांबेल.

पण दुसऱ्या दिवशी निमिष लल्लनच्या ठेल्यावर नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. तिने दोनदा निरोप लिहिला आणि पुसला. अण्णांचा होकार हाती नसताना लिहायचं काय? कदाचित थांबून कंटाळला असेल. कदाचित पुण्याच्या नोकरीपुढे काशीतली दोन खोल्यांतली मुलगी त्याला जड वाटली असेल. रामनगरहून परतताना नावेत ती पाण्यात हात घालून बसे आणि किनारा आला तरी तिच्या लक्षात येत नसे. घरी आल्यावर मात्र ती न चुकता अण्णांसमोर बसे आणि पुन्हा तोच विषय काढी. आता तो येणार नसला तरी. आपण दिलेला शब्द आपण मोडायचा नाही, एवढंच तिच्या हाती होतं.

"तोहार निमिष केहर गइलन, बिटिया?" लल्लनने विचारलं. तिने मान हलवली. मलइयोही संपत आला होता. ऊब वाढली होती, फेस परातीतच बसत होता. लल्लनने उरलेला तिच्या पुरव्यात घातला. त्यात दूधच जास्त होतं.

वीस दिवस असे गेले. एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, दारावर थाप पडली. निमिष होता. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. मुक्ताकडे न पाहता म्हणाला, "उद्या निघतोय. अण्णांचा निरोप घ्यायला आलो."

ती आत चहा ठेवायला गेली. दोन खोल्यांचं घर. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येतं.

अण्णा म्हणाले, "बसा. बरं झालं आलात. मला तुमच्याशी बोलायचंच होतं. मुक्ताने तुमच्यासाठी फार चेष्टा केली."

निमिष म्हणाला, "हो. कळलं मला ते. तिने स्वतःच लिहिलं होतं."

"रोज करते आहे. तुम्ही यायचे थांबलात, तरी तिने सोडली नाही. मीच दाद दिली नाही."

मुक्ताच्या हातात साखरेचा चमचा तसाच राहिला.

"अण्णा," निमिषचा आवाज बदलला होता, "चेष्टा... म्हणजे तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणजे? यत्न. धडपड. माणूस एखाद्या गोष्टीसाठी हातपाय हलवतो ती." अण्णा थांबले. मग फार हळू म्हणाले, "अरे देवा. देशावर थट्टेला चेष्टा म्हणतात. यात्रेकरूंच्या तोंडून ऐकलं आहे मी. आमच्या घरात तो अर्थ कधी आलाच नाही."

मुक्ता दारात आली. निमिष उभा राहिला होता. त्याच्या हातात फोन होता, आणि तो एकवीस दिवसांपूर्वीची ती ओळ पुन्हा वाचत होता, नव्याने शिकल्यासारखी.

"मला वाटलं, तू सगळं गमतीत घेतलंस," तो म्हणाला. "मी हे पन्नास वेळा वाचलं."

"मी आधी कोशिश लिहिलं होतं," ती म्हणाली. "आपण हसाल म्हणून पुसलं."

त्याने पिशवीतली वही काढली, मागची पानं उघडली आणि तिच्याकडे पाहिलं. एवढे दिवस तो जे शब्द हौसेने गोळा करत होता, त्यांनी एक माणूस बोलायला भिऊ लागलं होतं, हे त्याला आता दिसलं. "माझी चूक झाली," एवढंच म्हणाला.

अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "या घरची मराठी बुडू नये म्हणून मी हिला अडवत होतो. आणि त्याच मराठीने हिचा रस्ता अडवला." त्यांनी हात पुढे केला, मुक्ताने तो धरला. "जा तू, बाळ."

"आणि आपण बोलाल कुणाशी?"

"तू आमटी चढवलीस की फोन करत जा. फोडणी ऐकव. मग पुढचं मी बोलेन."

ती खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. खाली संकठेच्या देवळात घंटा झाली.

मग अण्णांनी अधू डोळे निमिषच्या दिशेला वळवले. "एक सांगतो. तिकडे नेल्यावर हिची भाषा सुधारू नका. ही भीड म्हणेल, जल्दी म्हणेल, तुम्हाला आपण म्हणेल. आमचूर घालेल. लोक हसतील. तिला ते शब्द पुसावे लागणार नाहीत, एवढं बघाल?"

निमिषने वही मिटली आणि पिशवीत खोल ठेवली.

"चेष्टा करीन, अण्णा," तो म्हणाला.

मुक्ताने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. वाईचा माणूस हा शब्द हसल्याशिवाय उच्चारत नाही. तो हसला नव्हता.

आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.