मक्याच्या पावाचं आंबण

'ऊब दे गं पिठाला, ऊब दे तळहाताची
शिळी नाही होत बाय, माया आईजातीची.'

लग्नाच्या आदल्या दिवशी आईने गायलेली ही ओवी साठी उलटली तरी रेमेतच्या कानात होती. वसईतल्या त्यांच्या घरी मक्याचा पाव भाजायचा तो आंबणावरच. आंबण म्हणजे कालच्या पिठाचा राखलेला आंबट गोळा. आज त्यात नवं पीठ मळायचं, उद्यासाठी मूठभर परत बरणीत टाकायचं.

जिवंत आंबणाची अशी बरणी आता जगात एकच उरली होती.

बारा वर्षांपूर्वी साथ आवरायला हवेत भक्षी सोडले गेले. भक्षी म्हणजे जिवाणू खाणारे विषाणू. साथ हटली, पण भक्षींना चांगलं-वाईट कुठलं कळायला! दूध विरजेना, इडलीचं पीठ फुगेना. पुढे जन्मलेल्या मुलांच्या पोटात अन्न पचवणारे जिवाणू वसलेच नाहीत. खाल्लेलं अंगी लागेना, पोरं वाळत गेली. रेमेतची आईवेगळी नात एस्तेर तेवढी आठ वर्षांची झाली, कारण रोज पावाआधी तिला बोटभर कच्चं आंबण चाटवत.

हे कळल्यावर डॉ. रणपिसे पुण्याहून आले. आंबण त्यांच्या प्रयोगशाळेत एका दिवसात मरायचं.

"आजी, जिवाणू तुमच्या बरणीतही मरतात, एस्तेरच्या पोटातही," ते म्हणाले होते. "पण मळताना हातावरून रोज नवे उतरतात. त्या हातावरच्या वाणाला भक्षी खाऊ शकत नाहीत, पण हात सुटला की तोही टिकत नाही. जपायचे ते हात. ते वाढवता आले तर हजारो पोरं जगतील. घरातल्या सगळ्यांचे नमुने घेऊ?"

"पुरुषाचे कशाला? पुरुष शिवला तर आंबण नासतं, डॉक्टर. यांना तर धड चहासुद्धा ढवळता येत नाही!"

ओट्यावर बसलेला तिचा नवरा बाल्तझार हसला. "पितो मात्र निमूट, तुझ्या हातचा."

डॉक्टरांनी एकट्या रेमेतचे नमुने नेले.

तीन आठवड्यांनी बाल्तझार जेवता जेवता कलंडला. साथीच्या काळापासूनच्या नियमाप्रमाणे त्याच दिवशी त्याला विद्युतदाहिनीत नेलं. कबर नाही, माती नाही.

नमुने कोरे निघाले. दुसऱ्यांदा घेतले, तेही कोरे.

आज डॉक्टर तिसऱ्यांदा आले होते. बरणीत पीठ तळाला बसलं होतं, वर पाणी सुटलं होतं. पाव विटेसारखा झाला होता. खाटेवर एस्तेर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या मनगटातून बांगडी कोपरापर्यंत जात होती.

"आजी, आठवा ना. नवा साबण? एखादं औषध?"

"नाही हो."

"मग हातावर काहीच कसं नाही? महिन्यापूर्वी आंबण जिवंत होतं. कुणाच्या तरी हातांनीच ते जगवलं असणार!"

रेमेतने पदराखालचे हात बाहेर काढले. बोटं संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वाकली होती. डॉक्टरांनी ती तळव्याच्या बाजूनेच पाहिली होती, तीही तिने ताणून धरलेली.

"सहा वर्षं झाली, या हातांना गोळा धरवत नाही. दार लावून पीठ एस्तेरचे आजोबाच मळायचे. मी बाहेर उभी राहून ओव्या म्हणायची, शेजारणींना वाटावं मीच मळतेय."

डॉक्टरांनी रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. "अहो, मी आलो तेव्हा ते जिवंत होते. समोर होते..."

"होते." तिचा आवाज इतका खाली गेला की त्यांना पुढे वाकावं लागलं. "तुम्ही विचारलंत तेव्हा त्यांनी हात पुढे केला होता, डॉक्टर. मीच डोळे वटारले."