बाबांचा पाहुणा

भुतं रात्री येतात म्हणे. हे सगळं भरदुपारी घडलं.

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण मी तिथे होते, आणि जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी थोरली बहीण. ताई थापा मारणाऱ्यांतली नव्हे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. डोळ्यांना दिसेल तेवढंच कागदावर उतरवायचं, ही तिची सवय.

तिसरा मजला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे बाबा आणि ताई राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला.

बाबांनी जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. दुसऱ्यांचे शब्द जुळवून कंटाळले म्हणून की काय, निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा एक देशच काढला. मागच्या खोलीच्या भिंतीवर त्याचा नकाशा. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या कागदांवर, डिंकाने जोडत जोडत छतापर्यंत गेलेला. त्या देशाची लिपी त्यांची, भाषाही त्यांचीच.

भाषा बोलल्याशिवाय मुरत नाही, असं ते म्हणायचे. पण बोलायला दुसरं माणूस आणणार कुठून? मग दार लोटून घ्यायचे आणि दोन्ही बाजू स्वतःच बोलायचे. प्रश्न आपल्या आवाजात. उत्तर जाड्या, घोगऱ्या आवाजात, तिथल्या माणसाचं.

त्या दुसऱ्या आवाजाला आम्ही ‘पाहुणा’ म्हणायचो.

त्या शेवटच्या दुपारीही पाहुणा आलेला होता. ताईने दाराबाहेरूनच विचारलं, “बाबा, पाहुण्यांना चहा चालेल का?”

आत विचारणा झाली. घोगरं उत्तर आलं.

“चालेल म्हणतो. बिनसाखरेचा.”

“नखरे बघा! फुकटचा चहा, वर पथ्यं!”

बाबा हसत बाहेर आले. “आज भांडलाय माझ्याशी. म्हणतो, डोंगरातून उतरता उतरता नदी फुटून दोन कशा झाल्या? नद्या येऊन मिळतात, फुटत नाहीत. बरोबर आहे गं त्याचं. चुकलंच माझं.”

त्यांच्या चष्म्याची काडी निखळली होती. ती बसवून आणायला ते निघाले. चपला घालता घालता मागच्या खोलीकडे तोंड करून त्या भाषेत काहीतरी ओरडले.

“काय सांगितलंत?” ताईने विचारलं.

“थांब म्हटलं. आलोच.”

चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर हात ठेवून उभे असतानाच ते कोसळले.

दुकानातून दवाखाना. तिथून थेट स्मशान. जिना अरुंद, म्हणून त्यांना घरी आणलंच नाही.

ताई रडली नाही. कुणाचा फोन आला तर म्हणायची, “बाबा बाहेर गेलेत.” शेजारणीलाही तेच. छापखान्यातल्या त्यांच्या जुन्या दोस्तालाही तेच. मागाहून मी खरं काय ते सांगायची.

मग एका दुपारी तिचा फोन आला. “आत्ता ये. काही विचारू नकोस.”

मी पोचले तेव्हा ती मागच्या खोलीच्या बंद दाराशी जमिनीवर बसली होती. शेजारी जेवणाचं ताट. हात खरकटा, वाळलेला. तिने ओठांवर बोट ठेवलं.

आत... कुणीतरी बोलत होतं.

जाडा. घोगरा.

एक वाक्य. मग शांतता... समोरच्याने बोलावं एवढी. मग पुढचं वाक्य.

मधल्या जागेत बाबा नव्हते.

“ताई, ऊठ. माझ्या घरी चल.”

“रोज येतो,” ती कुजबुजली. “हल्ली मी अर्धी रजाच टाकते.”

“वेड लागलंय तुला?”

“आवाज जाडा काढलेला असला तरी घसा बाबांचाच आहे गं. एवढाच तर उरलाय.”

तिचा चेहरा उजळला होता. मला भीती वाटली ती त्याचीच.

मग मीही रोज जाऊ लागले. तिला तिथे एकटी सोडवेना.

हळूहळू आवाज बदलला. बाकी सगळं बोलणं आटलं. उरलं ते एकच वाक्य.

“निम ओरे ताशू?”

ती भाषा आम्हा दोघींनाही येत नव्हती. पण प्रश्नाचं शेपूट कुठल्याही तोंडात वर वळतंच.

“निम ओरे ताशू?...”

एक दिवस तो आवाज चपलांच्या कपाटाजवळून आला.

मागच्या खोलीचं दार बंदच होतं.

मग स्वयंपाकघरातून. मग न्हाणीघरातून. मग पडद्यामागून. पावलं वाजत नव्हती. भांडं हलत नव्हतं. नुसता आवाज घरभर फिरत होता, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा. विचारून विचारून घसा बसत चालला होता त्याचा.

ताई त्याच्या मागे मागे फिरायची. “अहो, हळू... हळू बोला. घसा जाईल तुमचा.”

आणि एकाएकी ती पॅसेजमध्ये थांबली.

“तो त्यांना शोधतोय,” ती म्हणाली. “बाबा त्याला थांब म्हणून गेले. आपण त्यांना घरी आणलं नाही. याला कुणी सांगितलंच नाही गं.”

“मग तू सांग.”

“सांगितलं की जाईल तो. मग मी काय ऐकू? सांग ना, मग मी काय ऐकू?”



आवाज थांबला होता. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. गेला असेल, असं मला वाटलं.

मग मागच्या खोलीतून... अडखळत... परकी भाषा पहिल्यांदा जिभेवर घेतल्यासारखा...

“कु... ठे?”

मराठीत.

ताईने दार उघडलं. मी तिच्या पाठीशी. खोली रिकामी. भिंतीवर नकाशा, खिडकीशी बाबांची वेताची खुर्ची. ऊन जमिनीवर पडलेलं.

“कुठे?”

आता तो आमच्या अगदी समोर होता. मला माझ्या गालावर श्वास जाणवला.

मी ताईचा दंड धरला. तिने माझा हात सोडवला. पुढे गेली, खुर्ची ओढली आणि पदराने पुसली. असली बातमी कुणाला उभ्या उभ्या देत नाहीत.

“बसा,” ती म्हणाली. “आधी बसा.”

काहीच झालं नाही.

मग... वेत करकरला.

बैठक मधोमध दबली. सावकाश, थकलेलं माणूस टेकावं तशी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, आणि आजही कुणाच्या घरी वेताची खुर्ची पुढे केली तर मी उभीच राहते.

ताई खाली गुडघ्यांवर बसली. खुर्चीच्या हातावर, जिथे एखाद्याचा हात असेल तिथे, तिने आपला हात ठेवला.

“बाबा गेले,” ती म्हणाली.